चव्वेचाळिसाव्या वर्षी एफटीआयआय, संकलन विभाग: तयारी आणि घर कसं जमवावं?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, लग्नाच्या शूटिंगचा आणि मिक्सिंगचा (म्हणजे व्हिडिओच्या एडिटिंगचा) व्यवसाय आहे. शिक्षण बी.कॉम. बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका, मुलगी यंदा नववीत, मुलगा चौथीत. पुढच्या वर्षी पुण्याच्या एफटीआयआयला (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) संकलनासाठी, म्हणजे फिल्म एडिटिंगसाठी, प्रवेश परीक्षा द्यायचं नक्की केलंय. कुठल्याही शाखेची पदवी चालते, वयाची अट नाही. म्हणजे नियमांची अडचण नाही, बाकीच्या आहेत.

हाताला वेग आहे, पण तो वेगळ्या कामाचा. अक्षता पडल्या की स्लो मोशन, पाठवणीला ठरलेलं गाणं, आणि एकाही काकूंचा चेहरा सुटता कामा नये, नाहीतर पेमेंट अडकतं. मध्यंतरी रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हच्या प्रयोगाबद्दल वाचलं. नटाचा तोच निर्विकार चेहरा, त्याला जोडून कधी सूपची वाटी, कधी शवपेटी. बघणाऱ्याला त्याच चेहऱ्यावर भूक दिसते नाहीतर दुःख दिसतं. लगेच जुन्या फुटेजवर करून बघितलं. नवरीच्या वडिलांचा मख्ख चेहरा घेतला, पुढे एकदा पंगत लावली, एकदा रिकामा मांडव. मांडववाला तुकडा बघून मुलगी म्हणाली, "हे काका आता रडणार." चेहरा तोच होता! हे मला नीट शिकायचंय.

लेखी परीक्षेची भीती आहेच. इंग्रजीत सलग पानभर लिहून वर्षं लोटली, आणि इथले क्लासवाले सगळे एमपीएससीचे.

पण खरा घोळ कोर्सच्या तीन वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी मुलीची दहावी, तिसऱ्या वर्षी बारावी. टीव्ही विभागाचा एक वर्षाचा व्हिडिओ एडिटिंगचा कोर्स घेतला तर घराला सोपं, पण मन तिकडे वळत नाही. सीझन भागीदारावर सोडला की उत्पन्न निम्म्यावर येणार. बायको म्हणते, जा, पण फी आणि दोन्हीकडचा खर्च आधी कागदावर मांडून दाखवा. सासऱ्यांना सांगून बघितलं की प्रभात फिल्म कंपनीसुद्धा १९३३ साली कोल्हापूर सोडून पुण्याला गेली आणि एफटीआयआय त्याच प्रभातच्या जागेवर उभी आहे. ते म्हणाले, "कंपनीची पोरगी दहावीला नव्हती."

मुलंबाळं सांभाळून तिथं शिकलेलं कुणी आहे का इथे? शनिवार-रविवार घरी येणं जमतं? आणि मुलाखतीत लग्नाच्या कामाबद्दल बोलावं की गप्प बसावं?

*ध्वनिमुद्रक:*
मी तिथे ध्वनी विभागात होतो. शनिवार-रविवार धरून चालू नका. संध्याकाळी स्क्रीनिंग असतात, आणि प्रोजेक्टचं शूटिंग सुरू झालं की दिवस-रात्र कळत नाही. लग्नाचं काम बिनधास्त सांगा, मात्र ड्रोन आणि प्री-वेडिंगच्या गप्पा नकोत. तो मांडवाचा प्रयोग सांगा. तयारीसाठी एखादा प्रसंग आवाज बंद करून बघा आणि प्रत्येक कट तिथेच का मारला, ते रोज अर्धं पान लिहा. इंग्रजीचाही सराव होईल. त्याआधी एफटीआयआय आणि फिल्म अर्काइव्ह (जुने चित्रपट जतन करणारी संस्था) मिळून घेतात तो चित्रपट रसास्वाद वर्ग करा. साधारण महिनाभराचा असतो, बहुतेकदा उन्हाळ्यात. तुम्ही महिनाभर नसलात तर घर कसं चालतं, तेही कळेल.

*चार_पोळ्या:*
मुलं लहान असताना मी दोन वर्षं दुसऱ्या गावी राहून शिकले, विषय वेगळा होता. खर्चाच्या कागदावर बायकोचे तासही मांडा. मुलाचा अभ्यास, दवाखाना, सासरे-सासूबाई हे सगळं कोण बघणार, नावानिशी लिहा. आणि मुलीला विचारलंत का? तुमच्या पोस्टमध्ये तिच्या परीक्षा आहेत, तिचं मत कुठेच नाही.

*मूळ धागाकर्ता:*
तासांचा रकाना कागदात नव्हता, आज रात्री वाढवतो. मुलीशी रविवारी बोलतो. रसास्वाद वर्ग मे महिन्यात आला तर ऐन लग्नसराई, भागीदार उभा जाळेल. तरी त्याला विचारून कळवतो. ध्वनिमुद्रक, हॉस्टेल मिळालं नाही तर लॉ कॉलेज रोडच्या आसपास खोलीचं भाडं सध्या काय चालतं?