मदत हवी आहे: बाबांच्या दंडावरचा शुगर सेन्सर रात्री उगाच बोंबलतो

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. बाबांना ७२ वर्षं पूर्ण झाली, इन्सुलिन चालू आहे. महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी दंडाला चिकटवायचा १४ दिवसांचा सेन्सर दिला. दोन रुपयांच्या नाण्याएवढी चकती, आत केसासारखी बारीक तार. दिवसा छान चालतो. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन "एकच" मावाबाटी (खव्याची मिठाई) खाल्लेली आता लपत नाही, ही माझी खासगी चैन.

रात्री मात्र वैताग. परवा पहाटे २ वाजता फोन किंचाळला: साखर ५८, म्हणजे फार कमी! धावत जाऊन बोट टोचलं तर ग्लुकोमीटरवर १०४. तोवर आईने साखरपाणी पाजलंही होतं. हा सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे आकडा वेळेने थोडा मागे असतो, हे माहीत आहे. पण एवढा फरक? बाबा डाव्या कुशीवर झोपतात आणि सेन्सरही डाव्याच दंडावर. दाब पडला की आकडा खोटाच खाली येतो म्हणे. कुणी जागा बदलून पाहिलीय का?

दुसरं, घामाने नवव्या दिवशीच कड सुटली. वरून कुठली पट्टी लावता? साध्या चिकटपट्टीने बाबांना पुरळ आलं.

आणि हो, अमेरिकेत २०२४ मध्ये कातडीखाली बसवायच्या, वर्षभर चालणाऱ्या सेन्सरला मान्यता मिळाली. तसला कुणाच्या नात्यात बसवलाय का? बाबा आत्ताच म्हणतात, "मला चिरायचं नाही हं!"