बेटाला धक्काच नाही, मग जहाजातला माल उतरवतात कसा?

मोंढेकरी_नांदेड:
रामराम मंडळी. आमचं अडतीचं दुकान हाय, अवकाळी आला की ट्रकमधले सोयाबीनचे कट्टे उतरवताना आमची दमछाक होते. काल मॅक्वारी बेटाचा व्हिडिओ बघितला, टास्मानियापासून १५०० किलोमीटर लांब, ऑस्ट्रेलियाचं संशोधन केंद्र १९४८ पासून चालू, पण ना बंदर ना धक्का! मग वर्षाचं राशन, डिझेल, मशिनी खाली कशा काढायलेत?

खारंपाणी_लातूर:
भाऊ मी मर्चंट नेव्हीत, त्या बेटावर गेलो नाही पण हे काम ओळखीचं. जहाज लांब नांगर टाकून उभं राहतं, तिथून हलका माल हेलिकॉप्टरच्या खाली जाळीत लटकवून नेतात आणि बाकीच्याला लार्क नावाची गाडी, पाण्यात होडी अन् वाळूत ट्रक, एका खेपेला ५ टनाच्या आसपास. क्रेननं माल तिच्यात सोडायचा तर ती लाटेवर वरखाली करत राहते, पोटात गोळाच येतो बघा. डिझेल मात्र तरंगता पाइप सोडून पंपानं किनाऱ्यावर ढकलतात. वारा वाढला की सगळं बंद, मग नुसतं बसून चहा. म्हणून पहिलं लागणारं शेवटी भरायचं, नाहीतर बटाटे तळाला अन् वर गाद्या. आणि हेलिकॉप्टरच्या हुकाला एकदम हात लावायचा नाही, त्यात स्टॅटिक वीज साठते, झटका बसतो, आधी अर्थिंग करून ती जमिनीत उतरवायची.

गाजरगवत_परभणी:
एक राहिलं राव, कट्ट्यात उंदीर जायला नको! जुन्या काळी जहाजांमुळं तिथं उंदीर आले, ससे तर माणसांनीच सोडले, त्यांनी गवत अन् पक्ष्यांची वाट लावली. मोठी मोहीम काढून २०१४ ला बेट उंदीर-सशांपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्यामुळं आता माल तपासून भरतात, बुटाच्या तळव्यातलं अन् वेल्क्रोतलं बीसुद्धा काढतात. आपल्याकडं गाजरगवत आलं तेव्हा कुणी एवढं बघितलं असतं तर माझ्या बांधावर एवढं माजलं नसतं, जाऊ द्या.

मोंढेकरी_नांदेड:
लई भारी माहिती! पण हमाली कशी, टनावर का खेपेवर?

खारंपाणी_लातूर:
😄 हमाल वेगळे नसतातच. डॉक्टर, आचारी, शास्त्रज्ञ, सगळ्यांनी हात लावायचा. त्यात किनाऱ्यावर हत्ती सील आडवे पडलेले, त्यांना हुसकायचं नाही, आपणच वळसा घालून जायचं.

मोंढेकरी_नांदेड:
डॉक्टरला कट्टा उचलायला लावतो तो मुकादम कोण? त्याला आमच्या मोंढ्यात पाठवा, राहायची सोय मी करतो.