मदत हवी आहे: माकडांचं वजन आणि नामशेष होण्याचा धोका जुळत नाही

चैत्रपालवी
चार दिवस डोकं धरून बसले आहे. एमएस्सीचा प्रकल्प, शुक्रवारी सरांना दाखवायचाय. पुस्तकात सरळ लिहिलंय की मोठ्या अंगाच्या, सावकाश वाढणाऱ्या माकडांना धोका जास्त. मी १४ जाती घेतल्या, एका रकान्यात वजन, दुसऱ्यात लाल यादीतला (धोक्यातल्या जातींच्या आययूसीएनच्या जागतिक यादीतला) दर्जा. आलेखावर ठिपके कुठेही पडतायत. काय चुकतंय? जाणकारांनी लवकर सांगा, प्लीज.

देवराई
कुठल्या १४? आशिया, आफ्रिका, ब्राझील की सगळी एकत्र? वजन नराचं की मादीचं? बोर्निओतल्या लांबनाक्या प्रोबोसिस माकडाचा नर मादीच्या जवळजवळ दुप्पट असतो.

माडबन
'नामशेष' वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्या बागेत लाल तोंडाच्या माकडांनी यंदा शहाळी ठेवली नाहीत. भुईमूग लावणं तीन वर्षांपूर्वीच सोडलं. फटाके झाले, कुत्रे झाले, दोन दिवस टिकतं आणि टोळी परत येते. आमच्यासाठी कुणी तक्ता करत नाही.

चैत्रपालवी
सगळ्या खंडांतली एकत्र. वजन मिळेल तसं घेतलं, बहुतेक नराचं. सिंहपुच्छ (सिंहासारखी शेपटी असलेलं), लाल तोंडाचं (बॉनेट मकाक), ब्राझीलमधली मुरीकी, हाउलर, सोनेरी टॅमरिन वगैरे. माडबनकाका, तुमचं लाल तोंडाचं माकडही यादीत आहे.

देवराई
मग तिथेच बघ. सिंहपुच्छ आणि लाल तोंडाचं, दोन्ही मकाक, म्हणजे एकाच गटातली जवळची माकडं, वजनात फारसा फरक नाही. पण सिंहपुच्छ फक्त कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या सदाहरित पट्ट्यात, झाडाच्या शेंड्यावरचं. त्याची मादी पहिल्यांदा वितेपर्यंत सहा-सात वर्षं जातात. दुसरं माकड रस्त्यावर, देवळात, माडावर कुठेही पोट भरतं. वजन सारखं, नशीब वेगळं. उलट सोनेरी टॅमरिन जेमतेम अर्धा-पाऊण किलोचं, तरी १९७० च्या दशकात जंगलात २०० च्या आसपास उरलं होतं, कारण रिओ द जानेरोजवळचं सखल रानच तोडलं गेलं.

पानझड
माझ्या मते सगळं झाडांच्या सलगतेवर आहे. मी तमिळनाडूतल्या वालपराईला दोन हंगाम स्वयंसेवक होतो. चहाच्या मळ्यांमधल्या रानाच्या तुकड्यात अडकलेले सिंहपुच्छ रस्ता ओलांडताना गाडीखाली येतात. झाडाझाडांमध्ये पूल टांगले की त्यावरून जातात, मी डोळ्यांनी पाहिलंय. वजन सोड, 'दोन तुकड्यांमधलं अंतर' हा रकाना घे.

देवराई
पूल चांगलेच, पण सगळीकडे तेच कारण लावू नका. पश्चिम आफ्रिकेत घाना आणि कोत दिव्हारमधल्या 'मिस वॉल्ड्रनचा लाल कोलोबस' या माकडाचं काय? १९७८ नंतर कुणा संशोधकाला ते जिवंत दिसलेलं नाही. रान तुटलं हे खरं, पण संपवलं बंदुकीने. मोठं, आवाज करणारं, टोळीने राहणारं माकड शिकाऱ्याला सोपं पडतं. तिथे पूल बांधून काय होणार?

पानझड
रानात रस्ता गेला नसता तर बंदूक आत पोचली नसती. रान तुटणं हेच मूळ.

घाटवाट
वालपराईला जायचं असेल तर पावसाळ्यानंतर जा. जळवांसाठी मोजे न्या. माकडांना बिस्किटं देऊ नका.

चैत्रपालवी
मला कुठेही जायचं नाहीये हो, आलेख दुरुस्त करायचाय!

त्रैराशिक
पालवी, तीन गोष्टी. एक, मादीचं वजन घे, सगळ्यांचं. दोन, एकाच कुळातल्या जाती म्हणजे चुलत भावंडं, त्यांना १४ सुट्या नोंदी धरता येत नाहीत. तीन, पुढे 'भूप्रदेशाचा आकार' (जात किती मोठ्या भागात आढळते) हा रकाना घालण्याच्या बेतात असशील तर थांब. लाल यादीचा दर्जा कित्येकदा भूप्रदेश लहान आहे यावरूनच ठरतो. ज्यावरून दर्जा दिला तेच दर्जाचं कारण म्हणून दाखवशील.

देवराई
यात रोग धर. २०१६-१८ ला ब्राझीलमध्ये डासांमुळे पसरणारा पीतज्वर आला. हाउलर मोठ्या संख्येने मेले, त्याच रानातले मुरीकी त्यामानाने वाचले, आणि मुरीकी तर अंगाने मोठे. टॅमरिन २०१४ मध्ये ३,७०० पर्यंत पोचले होते, ते साथीनंतर २,५०० वर आले. रानातल्या टॅमरिनना लस टोचली, २०२३ च्या गणतीत ४,८०० भरले. म्हणून आधी धोका कुठला ते लिही: शिकार, रानतोड, रोग, पकडून विकणं. मग त्या धोक्यापुढे कुठला गुण नडतो ते बघ. शिकारीत वजन नडेल, तुकड्यात शेंड्यावर राहणं नडेल.

माडबन
पण लाल तोंडाच्याला कसला धोका? दरवर्षी टोळी वाढतेय.

देवराई
काका, तुमचं नुकसान खरंच आहे. पण तुमच्या बागेतली टोळी म्हणजे सगळी जात नव्हे. २०२० पासून ते लाल यादीत 'असुरक्षित' आहे. उत्तरेकडचं ऱ्हीसस माकड दक्षिणेला सरकतंय आणि याची जागा घेतंय. आग्नेय आशियातलं लांबशेपट्या मकाक तर काहीही खातं, कुठेही राहतं, तरी २०२२ मध्ये 'संकटग्रस्त' ठरलं, म्हणजे 'असुरक्षित'हून जास्त धोक्यात. प्रयोगशाळांसाठी पकडापकड हे त्यातलं एक मोठं कारण.

माडबन
ऱ्हीसस आलं तर आमची बाग राखेल कोण? त्यावर एक धागा काढा कुणीतरी.

चैत्रपालवी
देवराईताई, धोक्यानुसार वाटणी केली. शिकारीच्या गटात फक्त चार जाती आल्या, त्यांत मात्र मादीचं वजन आणि दर्जा बरोबर चढत जातात! तेवढाच आलेख दाखवू का?

त्रैराशिक
चार ठिपक्यांवर रेघ ओढू नकोस. तक्ता ठेव आणि प्रत्येक जातीपुढे धोका नि नडणारा गुण दोन ओळींत लिही. आधीचा फसलेला आलेखही लाव, सरांना दाखव तो का फसला ते.