मदत हवी आहे: बाहेरच्या एपीआयपायी सर्व्हर अडकतो, डेटा मागच्या मागे कसा आणावा?

नमस्कार मंडळी. मी म्हापशाचा. मांद्रे, मोरजी, हरमलकडच्या घरगुती खोल्या दाखवणारी छोटी साइट चालवतो. साइट पायथॉनच्या फ्लास्कमध्ये लिहिलेली, ती चालवायला गुनिकॉर्न, पुढे विनंत्या झेलायला एन्जिनएक्स. मशीन दोन कोअरचं, म्हणून दुप्पट अधिक एक या नेहमीच्या हिशेबाने गुनिकॉर्नचे ५ वर्कर, म्हणजे एका वेळी एकच पान देणाऱ्या अ‍ॅपच्या पाच प्रती.

पान उघडलं की तिथल्या तिथे बाहेरच्या दोन एपीआयना (दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून माहिती मागवायची सोय) विचारतो: खोली रिकामी आहे का, आणि आजचा दर काय. त्यात अडीच सेकंद जातात. तेवढा वेळ वर्कर नुसता वाट बघत बसतो, सीपीयूला काम असं नाहीच. ५ भागिले अडीच, म्हणजे सेकंदाला दोनच पानं! पावसाळ्यात कळलंच नाही, तेव्हा येतंय कोण? नाताळाच्या आठवड्यात समोरचा एपीआयच रेंगाळला, ३० सेकंदांची मुदत संपून वर्कर मरायला लागले आणि सगळ्यांना ५०२, म्हणजे मागून उत्तरच नाही ही एरर. एका घरमालकिणीचा फोन: "आमचें घर काडलें काय रे?"

वर्कर वाढवून पाहिले, मेमरी भरली.

आता पान फक्त रेडिसमधलं (मेमरीत डेटा ठेवणारा साठा) वाचतं. डेटा आणायला अ‍ॅप सुरू होतानाच एक थ्रेड (प्रोसेसच्या आतच बाजूला चालणारं काम) सोडलाय, दर ५ मिनिटांनी. पण लॉगमध्ये प्रत्येक फेरी पाचदा दिसते, आणि काल एपीआयने ४२९ (फार वेळा विचारताय) तोंडावर मारला. असं का? शिवाय ५ मिनिटं जुन्या माहितीवर एकच खोली दोघांना गेली तर?

उत्तर: प्रत्येक वर्कर ही वेगळी प्रोसेस, त्यामुळे थ्रेडही पाच. तो अ‍ॅपमधून काढाच. वेगळी स्क्रिप्ट करून सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सुरू करणारा प्रोग्राम) टायमरवर लावा. रेडिसमधली नोंद ५ मिनिटांत मरू देऊ नका, तासभर ठेवा. एपीआय पडला तरी जुनं का होईना, काही दिसेल. दराशेजारी "इतक्या वाजताचा" असं छापा. बुकिंगचं बटण दाबल्यावर मात्र थेट विचारायचं, ३ सेकंदांचा टाइमआउट लावून. तिथे शिळं चालत नाही, आणि तिथवर पोचणारे असतात मोजकेच.

धागाकर्ता: देव बरें करूं! लॉगमध्ये आता एकच ओळ. मशीन रीबूट झालं की रेडिस रिकामं असतं, तेवढं राहिलं.

उत्तर: आधी स्क्रिप्ट एकदा चालू दे, मग गुनिकॉर्न. सिस्टमडीत तसा क्रम लावता येतो.