चारच गाणी माहीत असली तरी जा

चारच गाणी ओळखीची असताना जुन्या बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाला जावं का, या प्रश्नावर माझं स्पष्ट मत: जरूर जा. मी तसाच गेलो होतो. खरी मजा अनोळखी गाण्यांत आली, कारण शब्द पाठ नसले की कान आपोआप बास गिटार आणि ड्रमकडे वळतात. शेजारी साठी उलटलेल्या एक बाई डोळे मिटून, आवाज न करता, अख्खं गाणं ओठांनी म्हणत होत्या. ते बघूनच मला त्या गाण्याचं वजन कळलं.

आवाज रेकॉर्डसारखा असेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. वय झाल्यावर बरेच गायक अर्धा-एक स्वर खाली गातात, आणि ते योग्यच आहे. रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश रॉक बँडच बघा, १९६२ पासून वाजवतायत. इतक्या वर्षांची सवय वादकांच्या एकमेकांकडे बघण्यातही दिसते.

आणि हो, शक्यतो साउंड मिक्सरजवळ उभे राहा. इंजिनिअर तिथूनच ऐकून आवाज जुळवतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे फार मागे ड्रमवर काठी आधी पडताना दिसते, ठोका नंतर येतो.