हवामान बदलाचा कायदा शिकायचा आहे, सुरुवात कुठून करू?

नमस्कार. सतरा वर्षं दिवाणी वकिली करतोय. मुख्यतः करारनामे आणि त्यातून उभे राहणारे दावे. हवामान बदल म्हणजे पर्यावरणाची प्रकरणं चालवणाऱ्यांचा विषय, असंच इतके दिवस धरून चाललो होतो.

सध्या गोदामाच्या कराराचा एक दावा आहे (ओळख पटेल असे तपशील गाळलेत). पुरात माल भिजला. गोदाममालक माझा अशील. करारात नेहमीचंच कलम आहे: "पूर, वादळ, भूकंप अशा आकस्मिक आपत्तीमुळे झालेल्या नुकसानीस मालक जबाबदार राहणार नाही." हे वाक्य मी असंख्य मसुद्यांत घातलंय. समोरच्या वकीलबाईंनी नेमकं 'आकस्मिक'वर बोट ठेवलं. पाच वर्षांत तिसऱ्यांदा पाणी शिरलं, मग यात आकस्मिक ते काय? त्यांनी हवामानतज्ज्ञाला साक्षीलाही बोलावलंय. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते मनाला फार लागलं. अशील आपल्या भरवशावर बसलेला असतो.

तेव्हापासून रात्री वाचत बसतो. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये उर्गेंडा या पर्यावरण संस्थेच्या खटल्यात सरकारला २०२० अखेर हरितगृह वायूंचं उत्सर्जन १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्के घटवायला लावलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये माळढोकच्या प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क मान्य केला. निकाल मोठे आहेत, पण सगळे सरकारविरुद्धचे. तिथून माझ्या कराराच्या एका शब्दापर्यंत कसं यायचं? तज्ज्ञाची उलटतपासणी कशाच्या आधारे घ्यायची?

प्रतिसाद १

सर, आंतरराष्ट्रीय करार नंतर वाचा. आधी जर्मनीतल्या हाम इथल्या न्यायालयाचा मे २०२५ चा निकाल घ्या. पेरूतल्या एका शेतकऱ्याने आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर दावा लावला होता: वितळत्या हिमनदीमुळे फुगलेल्या सरोवराचा माझ्या घराला धोका आहे, संरक्षणाच्या खर्चातला तुमचा वाटा द्या. तो हरला, कारण पुढच्या तीस वर्षांत पूर त्याच्या घरापर्यंत येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का ठरली. पण मोठ्या उत्सर्जकाला तत्त्वतः जबाबदार धरता येतं, हे न्यायालयाने मान्य केलं. समोरच्यांच्या तज्ज्ञालाही हेच विचारा: प्रदेशाचं राहू द्या, या गोदामाच्या जागी धोका किती?

मग आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या) २०२१ च्या अहवालाचं अकरावं प्रकरण वाचा, ते टोकाच्या हवामानावर आहे. तिथे 'लाइकली' म्हणजे किमान ६६ टक्के शक्यता, 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान ९०. दिवाणी दाव्यात कोणाचं पारडं जड एवढंच पाहतात, त्यामुळे हा फरक नीट समजून घ्या.

आणि त्याआधी एक तपासा. करारावर सही झाली तेव्हा किती पूर येऊन गेले होते?

धागाकर्ता

मनापासून आभार. तारीख पाहिली. नूतनीकरण दुसऱ्या पुरानंतरचं आहे आणि मसुदा माझा. जुनं कलम तसंच उतरवलं होतं. अशिलाला उद्या बोलावलंय, आधी हे त्याला सांगतो.