ज्यांच्या मागे मनापासून गेलो, ती माणसं (अनुभव धागा)

पदामुळे पुढारी झालेले पुष्कळ भेटतात. त्यांच्याबद्दल नको. ज्यांचा शब्द तुम्ही आपणहून मानलात, अशी माणसं आठवा आणि प्रसंगासकट लिहा. सुरुवात मी करते.

माउलींच्या पालखीबरोबर मी पाच वर्षं चालतेय. संध्याकाळी तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच धरतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. पहिल्यांदा ती शांतता आणि तिच्यातून येणारा एकाच दिंडीचा टाळ ऐकला, तेव्हा अंगावर काटा आला. आमच्या दिंडीचे प्रमुख काकाही तसेच. रात्री पंगत उठली की राहुट्यांमधून फिरायचे. कुणाच्या पायाला फोड आलेत, कोण जेवलं नाही, सगळं विचारायचे. स्वतःचं ताट सगळ्यात शेवटी.

*

मी ट्रेकचं सांगतो. हरिश्चंद्रगडाला पावसात निघालो होतो. धुक्यात तासभर चालल्यावर आमचा लीडर थांबला, म्हणाला, "वाट माझी चुकलीय. मागे फिरायचं." पंधरा जणांसमोर, कसलीही सारवासारव न करता. काहीजण कुरकुरले, पण त्यानंतर त्याच्याबरोबर जायला मला कधीच भीती वाटली नाही. सगळ्यात हळू चालणाऱ्याला तो नेहमी पुढे ठेवायचा, हेही खास.

*

ऐकून घेणं हवंच, पण नाही म्हणायची धमकही लागते. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, दुष्काळी. हिवरे बाजार बघायला गेलो होतो. पोपटराव पवार तिथे १९८९मध्ये सरपंच झाले. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, असा गावाचा नियम. किती पाणी आहे ते मोजून ग्रामसभेत पिकं ठरतात. आपल्याच भाऊबंदांना बोअर नको म्हणणं किती अवघड असतं, ते गावात राहणाऱ्यालाच कळेल. आमच्याकडे हे कुणाला जमलं नाही, मलाही नाही.

*

आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष ताई दर बैठकीला कर्जाची वही मोठ्याने वाचतात. पहिलं नाव स्वतःचं, थकलेला हप्ता असला तरी. गेल्या महिन्यात माझा हप्ता चुकला. मी लपवला नाही.